छोट्या गावातलं ग्रीक मालकाचं जुनं थिएटर: त्याचा इतिहास कसा खणून काढायचा

अमेरिकेतल्या छोट्या गावात मेन स्ट्रीटवर एखादं जुनं सिंगल स्क्रीन थिएटर असतं आणि त्याच्याबद्दल कोणालाही विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, अहो ते ग्रीक लोकांचं होतं, म्हातारा रिकाम्या खिशाने बोटीतून उतरला, आधी कँडीचं दुकान टाकलं, मग थिएटर बांधलं, आणि पॉपकॉर्न काय मस्त असायचं. झालं, संपला इतिहास. यातलं काही खरं असतं, काही घरच्यांनी प्रेमाने रंगवलेलं असतं, आणि ज्याला खरंच इतिहास म्हणावं ते यात नसतंच. असं एखादं थिएटर तुमच्या मागे लागलं असेल, म्हणजे सासरच्या घराण्यातलं असेल किंवा गावच्या म्युझियमसाठी कोणी सांगितलं असेल किंवा नुसता नाद असेल, तर कुठून सुरू करायचं आणि कुठे फसगत होते ते सांगतो. बरंचसं काम घरबसल्या आणि फुकटात होतं, काही गोष्टींसाठी मात्र कोर्टहाउसची पायरी चढावी लागते.

सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात पक्की करा, बाकी सगळं विसरलात तरी चालेल. थिएटर म्हणतो तेव्हा आपण तीन वेगळ्या गोष्टी एकत्र करत असतो, एक ती बिल्डिंग, दुसरा तिथे चालणारा धंदा आणि तिसरं वर लावलेलं नाव. या तिघांचे मालक वेगळे असू शकतात आणि तिघांची वयंही वेगळी असतात. बिल्डिंग गावातल्या एखाद्या बँकरची किंवा लॉजची (म्हणजे मेसनसारख्या बंधुसंघटनेच्या शाखेची), धंदा दोन ग्रीक भावांनी लीजवर चालवायला घेतलेला, आणि नाव आधीच्या माणसाकडून आलेलं किंवा जाताना ते दुसऱ्या रस्त्यावरच्या नव्या बिल्डिंगमध्ये सोबत नेलेलं, असं सर्रास व्हायचं. "आमच्या आजोबांचं थिएटर होतं" या वाक्यात आजोबा मालक होते की भाडेकरू की पगारी मॅनेजर हे कळत नाही. म्हणून वहीत किंवा स्प्रेडशीटमध्ये वर्षांची एक उभी रांग करा आणि तिच्यापुढे बिल्डिंग, धंदा, नाव असे तीन रकाने काढा, आणि प्रत्येक माहिती योग्य रकान्यातच टाका, कुठे टाकायची कळत नसेल तर बाजूला ठेवा. गावोगावच्या शताब्दी पुस्तिकांमधल्या चुका बघितल्या तर बहुतेक या तिघांची खिचडी झाल्यामुळेच झालेल्या असतात.

आता थोडी पार्श्वभूमी, कारण ती माहीत नसेल तर कुठे शोधायचं तेच कळत नाही. १८९३ मध्ये ग्रीस सरकारचं दिवाळं निघालं आणि त्याच सुमाराला बेदाण्याचे भाव कोसळले, पेलोपोनीसमधल्या शेतकऱ्यांचं सगळं पोट त्या एका पिकावर. तिथून तरुण मुलं निघायला लागली ती १९२४ च्या कायद्याने दार बंद होईपर्यंत, त्या कायद्याने ग्रीसचा कोटा वर्षाला फक्त १०० माणसांवर आणला होता. येणारे जवळजवळ सगळे पुरुष, बरेचसे अविवाहित, चार पैसे कमवून बहिणींचे हुंडे देऊन परत जायचं अशा हिशोबाने आलेले, आणि मोठ्या संख्येने परत गेलेही. जे राहिले त्यातले काही रेल्वेवर, खाणीत, गिरण्यांत गेले, काहींनी बूटपॉलिश, फळांची गाडी, कँडी आणि आइस्क्रीमचं दुकान, खानावळ असे धंदे धरले.

आणि नेमका त्याच काळात सिनेमाचा धंदा सुरू झाला. १९०५ मध्ये पिट्सबर्गला पाच सेंटवालं निकेलोडियन निघालं आणि दोनतीन वर्षांत गावोगावी तेच, एक दुकानाचा गाळा, खुर्च्या, पडदा, प्रोजेक्टर आणि एक पियानो. भांडवल कमी, रोजचा पैसा रोख, आणि चित्रपट मूक असल्यामुळे मालकाचं इंग्रजी मोडकं असलं तरी काही अडत नाही. कँडीच्या दुकानवाल्याला शेजारच्या गाळ्यात थिएटर म्हणजे गिऱ्हाईक आपोआप दारात. गस केरासोटेसने १९०९ मध्ये इलिनॉयमधल्या स्प्रिंगफील्डला असंच छोटं सुरू केलं, त्याची पुढे घराण्याची मोठी साखळी झाली आणि २०१० मध्ये त्यातली बहुतेक थिएटरं एएमसी या बड्या थिएटर कंपनीने घेतली. सेंट लुइसमध्ये स्कूरास बंधूंनी १९१४ मध्ये जमवलेल्या पैशातून ऑलिंपिया नावाचं थिएटर घेतलं, त्यातला स्पायरॉस पुढे १९४२ ते १९६२ ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सचा प्रेसिडेंट. अँड्रॉस बेटावरचा अलेक्झांडर पँटेजेस कॅनडातल्या क्लोंडाइकच्या सोन्याच्या मागे गेला आणि शेवटी पश्चिमेकडचा थिएटरसम्राट झाला. ही मोठी नावं सगळीकडे सापडतात, पण तुमचा माणूस यांच्यासारखा होता असं आधीच धरून चालू नका. बहुतेकांचं एकच थिएटर होतं, फार तर शेजारच्या गावात दुसरं.

यातून कामाची गोष्ट अशी की थिएटरच्या आधी कँडीचं दुकान शोधा. सिनेमाच्या नोंदी तुटक असतात, दुकानाच्या नोंदी जास्त सलग सापडतात.

सांगाडा कसा उभा करायचा

गावकऱ्यांशी बोलायच्या आधी कागदावर सांगाडा करून घ्या, नाहीतर पहिल्या मुलाखतीतली गोष्ट डोक्यात बसते आणि मग सगळे पुरावे तिच्यात कोंबायची सवय लागते.

पहिले सॅनबॉर्नचे नकाशे. आगीच्या विमा कंपन्यांसाठी काढलेले, जवळजवळ बारा हजार गावांचे, आणि लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर भरपूर ठेवलेत. एका इंचाला पन्नास फूट या मापाने प्रत्येक बिल्डिंग काढलेली असते, गुलाबी म्हणजे विटांची, पिवळी म्हणजे लाकडी, निळी म्हणजे दगडी, आत लिहिलेलं असतं की गाळ्यात काय आहे, कन्फेक्शनरी, मूव्हिंग पिक्चर्स, वरच्या मजल्यावर लॉज हॉल वगैरे. १९०९ च्या नकाशात किराणा आणि १९१४ च्या नकाशात मूव्हिंग पिक्चर्स असेल तर तुमची सुरुवात त्या पाच वर्षांत आली. एक गोम आहे, काही प्रतींवर नंतरच्या दुरुस्त्यांचे कागद चिकटवलेले असतात, म्हणजे पानावर वर्ष जुनं आणि माहिती नवी. चिकटवलेल्या कागदाची कड दिसते का ते झूम करून बघा.

मग सिटी डिरेक्टरी, आणि छोट्या गावासाठी काउंटीची डिरेक्टरी. यात माणसाचं नाव, धंदा, पत्ता, आणि मागे धंद्यानुसार यादी. सलग वर्षं मिळाली तर नशीब. मग फिल्म डेली इयर बुक, चित्रपटधंद्याचं वार्षिक, त्यात राज्य आणि गावानुसार थिएटरांची नावं आणि खुर्च्यांची संख्या येते, बंद असेल तर तेही. मालकाचं नाव त्यात शोधायला जाऊ नका, पण एकाच गावात एका वर्षी ४०० खुर्च्यांचं आणि दुसऱ्या वर्षी त्याच नावाचं ७०० खुर्च्यांचं थिएटर दिसलं तर एकतर वाढवलं किंवा नाव नव्या बिल्डिंगमध्ये गेलं, म्हणजे परत आपले तीन रकाने. ही वार्षिकं आणि जुनी ट्रेड मासिकं मीडिया हिस्टरी डिजिटल लायब्ररीत स्कॅन करून ठेवलीत आणि त्यांच्या लँटर्न नावाच्या सर्चमध्ये गावाचं नाव टाकून शोधता येतं, फुकट.

या ट्रेड मासिकांमध्ये माझी सगळ्यात लाडकी जागा म्हणजे एक्झिबिटर्स हेरल्ड आणि नंतर मोशन पिक्चर हेरल्डमधलं एक सदर, ज्यात गावोगावचे थिएटरवाले स्वतः लिहून पाठवायचे की अमुक चित्रपट माझ्याकडे कसा चालला. लोक हसले, पाऊस होता म्हणून कोणी आलं नाही, प्रिंट फाटकी पाठवली, भाडं जास्त घेतलं, असं सगळं तक्रारीच्या सुरात, आणि खाली नाव, थिएटर, गाव. तुमच्या माणसाने एकदा जरी लिहिलं असेल तरी त्याचा स्वतःचा आवाज तुम्हाला मिळाला. तो सापडला नाही तर त्याच राज्यातल्या शेजारच्या गावाचे रिपोर्ट वाचा, धंद्याची हवा कळते.

पेपर आणि कोर्टहाउस

स्थानिक वर्तमानपत्रं हा सगळ्यात मोठा खजिना आणि सगळ्यात जास्त वेळ खाणारा. क्रॉनिकलिंग अमेरिका या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या जुन्या पेपरांच्या संग्रहात गावाचा पेपर आहे का बघा, नसेल तर राज्याच्या हिस्टॉरिकल सोसायटीकडे मायक्रोफिल्म असते. सर्च करताना फक्त आडनाव टाकून थांबू नका कारण जुन्या छपाईचं मशीनने केलेलं वाचन भयंकर असतं आणि ग्रीक आडनाव त्यावेळच्या संपादकाने दर आठवड्याला नवीन स्पेलिंगने छापलेलं असतं. थिएटरचं नाव, रस्त्याचं नाव, कँडी किचनचं नाव, भागीदाराचं नाव असं आलटून पालटून टाका. कधीकधी बातमीत नावच नसतं, नुसतं "ग्रीक कँडीवाला" एवढंच, हे वाचून राग येतो पण सर्चसाठी तेच शब्द उपयोगी पडतात.

जाहिरातींपेक्षा बारीक बातम्यांचा कॉलम वाचा. अमक्याने आपला हिस्सा चुलतभावाला विकला, अमका ग्रीसला जाऊन लग्न करून आला, १९१२ च्या शेवटी अमका युद्धावर गेला (बाल्कन युद्धासाठी अमेरिकेतून हजारो ग्रीक परत गेले होते, त्यामुळे १९१२-१३ मध्ये मालकी अचानक बदललेली दिसली तर हेही कारण असू शकतं). सिटी कौन्सिलच्या बातम्या बघा, लायसन्स फी, अग्निशमनाचे नियम, आणि रविवारी सिनेमा दाखवायचा की नाही यावरचे वाद, या वादात थिएटरवाल्याचं नाव हमखास येतं. १९१८ च्या ऑक्टोबरमध्ये इन्फ्लुएंझामुळे ठिकठिकाणी थिएटरं बंद ठेवली होती, त्या बंदीच्या बातम्या बघा. जाहिरातीत तिकिटापुढे वॉर टॅक्स दिसला तर दचकू नका, १९१७ च्या कायद्याने दहा सेंटला एक सेंट कर लागला होता.

बोलपट आले तो काळ तर दोनदा वाचा. १९२८ ते १९३१ या वर्षांत छोट्या थिएटरवाल्याला आवाजाची यंत्रणा बसवायला कर्ज काढावं लागलं, वेस्टर्न इलेक्ट्रिकची यंत्रणा तर विकत नाही, लीजवर मिळायची, ज्यांना झेपलं नाही त्यांनी स्वस्तातली दुसरी बसवली किंवा कुलूप लावलं. आणि वरून मंदी. मग बँक नाइट सुरू झाल्या, चार्ल्स येगरने कोलोराडोत काढलेली शक्कल, रजिस्टरमध्ये नाव लिहायचं, सोडत निघाली की रोख बक्षीस, पण ठराविक मिनिटांत समोर हजर पाहिजे. ही लॉटरी आहे की नाही यावर ठिकठिकाणी खटले झाले. डिश नाइटला बायकांना एकेक बशी-कप देऊन पूर्ण सेट होईपर्यंत दर आठवड्याला थिएटरात आणायचे. तुमच्या थिएटरने यातलं काय काय केलं ते जाहिरातीत मिळेल, आणि घरच्यांच्या कपाटात त्यातली एखादी बशी निघायची शक्यताही बरीच.

आता कोर्टहाउस. काउंटीच्या रजिस्टर ऑफ डीड्सकडे, म्हणजे खरेदीखतं नोंदवणाऱ्या ऑफिसात, विकणारा आणि घेणारा अशा दोन इंडेक्स असतात, पत्त्यावरून किंवा लॉट नंबरवरून सुरू करा आणि आजच्या मालकापासून मागे मागे जा, जुन्या मालकापासून पुढे येण्यापेक्षा हे सोपं पडतं. ग्रीक माणसाचं नाव इथे सापडलं नाही म्हणून खचू नका, लीज बहुतेक वेळा रजिस्टरच होत नसे. त्याऐवजी चॅटल मॉर्गेज बघा, म्हणजे प्रोजेक्टर, खुर्च्या, पियानो असल्या वस्तू तारण ठेवून घेतलेलं कर्ज. धंद्याचा मालक कोण हे त्यात स्पष्ट होतं आणि सामानाची यादी फुकटात मिळते. प्रोबेटच्या म्हणजे वारसा कोर्टाच्या फाइलमध्ये मृत्यूनंतरची मालमत्ता आणि वारस, राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे कंपनी नोंदवली असेल तर भागीदार. थिएटरमध्ये ऑर्गन होता असं ऐकलं असेल तर वुर्लिट्झरच्या ऑर्गनांची नंबरवार यादी प्रसिद्ध आहे, त्यात थिएटर आणि वर्ष मिळून जातं. बिल्डिंग नॅशनल रजिस्टरवर, म्हणजे ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय यादीत असेल तर तिचा नॉमिनेशन फॉर्म काढा, कोणीतरी आधीच अर्धं काम केलेलं असतं, फक्त त्यातली प्रत्येक गोष्ट तपासल्याशिवाय उचलू नका.

माणूस शोधायचा म्हणजे नाव शोधायचं

इथे खरी गंमत आणि खरी डोकेदुखी. कॉन्स्टँटिनोसचा गस होतो, दिमित्रिओसचा जेम्स किंवा जिम, पानायोतिसचा पीट, वासिलिओसचा बिल, अथानासिओसचा टॉम, खारालांबोसचा हॅरी. पापादोपोलोसचा पापास तर इतका कॉमन आहे की राज्यभर शेकडो सापडतील. आणि घरचे छातीठोकपणे सांगतील की एलिस आयलंडवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या बंदरातल्या स्थलांतरितांच्या तपासणी केंद्रावर, साहेबाने नाव बदललं. तसं होत नसे, तिथले अधिकारी बोटीवरून आलेल्या यादीवरच खुणा करायचे आणि यादी निघाल्या बंदरातच बनलेली असायची. नाव बदललं ते नंतर, दुकानाच्या पाटीसाठी, शाळेसाठी, नागरिकत्वाच्या अर्जात. म्हणून मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे बोटीच्या त्या यादीत, गस पापास शोधत बसलात तर आयुष्य जाईल.

दोन युक्त्या आहेत. ग्रीक लोकांत मधलं नाव बापाचं असतं, त्यामुळे जेम्स जी. आणि टॉम जी. हे भाऊ असतील तर बाप बहुधा जॉर्जिओस. आणि पहिल्या मुलाला सहसा आजोबांचं म्हणजे बापाच्या बापाचं नाव, म्हणजे जेम्सचा थोरला जर जॉर्ज असेल तर अंदाज पक्का होत जातो. भावकी जुळवायला या दोन गोष्टी फार कामाच्या आहेत.

कागद कोणत्या क्रमाने काढायचे तर आधी सेन्सस. १९१०, १९२०, १९३०, १९४०, १९५० सगळे खुले आहेत. अमेरिकेत आल्याचं वर्ष (हे १९३० पर्यंतच्यातच), नागरिकत्वाची स्थिती, धंदा, आणि स्वतःचा धंदा की नोकरी की हाताखाली माणसं हे खुणेने दिलेलं असतं, म्हणजे मालक की मॅनेजर या प्रश्नाला इथे निदान त्याचं स्वतःचं उत्तर मिळतं. घरात कोण कोण राहतं तेही बघा, दुकानाच्या वर एका खोलीत पाच तरुण, दोन भाऊ, भाचा, गाववाला, हीच पुढची भागीदार मंडळी. मग पहिल्या महायुद्धाचं ड्राफ्ट कार्ड, म्हणजे सैन्यभरतीसाठीच्या नोंदणीचं, १९१७-१८ मध्ये नागरिक नसलेल्यांनाही नोंदवावं लागलं होतं, त्यावर धंद्याचा पत्ता असतो आणि सहीही.

त्यानंतर नागरिकत्वाची कागदपत्रं. सप्टेंबर १९०६ पासूनचे फॉर्म एकसारखे आहेत, आधी डिक्लरेशन (नागरिक व्हायचा इरादा कळवणं) मग पिटिशन (प्रत्यक्ष अर्ज), त्यात जन्मगाव, बोट, तारीख, आणि काहींमध्ये जुनं नाव. पिटिशनवर दोन नागरिक साक्षीदार लागायचे, ते कोण आहेत ते नक्की बघा. बँकेचा कॅशियर आणि हार्डवेअरवाला सही करतोय म्हणजे गावाने त्याला धरून घेतलं होतं, दोन्ही साक्षीदार ग्रीक असतील तर चित्र वेगळं. बायको गावातलीच अमेरिकन मुलगी असेल आणि लग्न १९०७ ते १९२२ मध्ये झालं असेल तर एक धक्कादायक प्रकार आहे, परदेशी नागरिकाशी लग्न केल्यामुळे त्या बाईचं स्वतःचं नागरिकत्व जायचं. १९२२ च्या केबल कायद्यानंतर तिला ते परत मिळवता यायचं, त्याचे वेगळे अर्ज सापडतात, आणि कुटुंबाला बऱ्याचदा हे माहीतच नसतं.

मग शेवटी मॅनिफेस्ट, कारण आता तुमच्याकडे बोटीचं नाव आणि तारीख आहे. १९०७ पासूनच्या यादीत दोन पानं असतात, उजवं पान विसरू नका, त्यातच कोणाकडे चाललाय त्याचं नाव-पत्ता आणि जन्मगाव असतं. तो पत्ता पुष्कळदा भावाच्या कँडीच्या दुकानाचा निघतो. नावाशेजारी नंतर हाताने लिहिलेले आकडे दिसले तर तो नागरिकत्वाच्या वेळी केलेल्या तपासणीचा शेरा असतो, म्हणजे हाच तो माणूस. देशाच्या जागी तुर्कस्तान लिहिलंय म्हणून पान सोडून देऊ नका, मॅसिडोनिया, स्मर्ना, बरीचशी बेटं तेव्हा ऑटोमन राज्यात होती, शेजारच्या वंशाच्या रकान्यात ग्रीक असतं.

पुढे ग्रीसपर्यंत जायचं असेल तर दोन खाचखळगे. १९२३ पर्यंत ग्रीसमध्ये जुनं ज्युलियन कॅलेंडर चालू होतं, विसाव्या शतकात तेरा दिवसांचा फरक, त्यामुळे दोन जन्मतारखा मिळाल्या तर आधी वजाबाकी करून बघा, भांडण नंतर. आणि विसाव्या शतकात असंख्य गावांची नावं बदलली, स्लाव किंवा तुर्की वळणाची जुनी नावं काढून नवी दिली, त्यामुळे कागदावरचं गाव आजच्या नकाशात नसतं. पांडेक्टिस नावाच्या ग्रीक डेटाबेसमध्ये जुनं-नवं नाव शोधता येतं. गाव कळलं की तिथल्या नगरपालिकेच्या पुरुषांच्या नोंदवहीत जन्मवर्ष आणि बापाचं नाव, पत्र मात्र ग्रीकमध्ये लिहा आणि उत्तराची घाई करू नका.

चर्चचं एक सांगायचं राहिलं. छोट्या गावात ऑर्थोडॉक्स चर्च नसायचं, मुलाचा बाप्तिस्मा करायला जवळच्या शहरात जायचे किंवा पाद्री फिरतीवर यायचा, म्हणून नोंद त्या शहराच्या पॅरिशमध्ये शोधा. तिथे नाव ग्रीक लिपीत असतं आणि धर्मपित्याचं नाव असतं, ज्याला ते कुंबारोस म्हणतात. हे नातं सख्ख्या भावासारखं मानतात आणि धंद्यातले भागीदार आणि कुंबारोस बऱ्याचदा एकच माणसं निघतात, कागदावर न दिसणारी पैशाची वाट इथून कळते.

गावकरी काय सांगत नाहीत

आता लोकांशी बोला. "कसं होतं हो तेव्हा" असं विचारलंत तर पॉपकॉर्नच मिळेल. नेमकं विचारा, तिकीट कोण विकायचं (बहुतेक बायको नाहीतर मुली, आणि त्यांचं नाव कुठल्याच कागदावर नसतं, म्हणून हे लिहून घ्याच), रिळांचे डबे बसने यायचे की ट्रेनने आणि आणायला कोण जायचं, प्रोजेक्टर चालवायला कोण शिकलं, घरी कुठली भाषा, ऑर्थोडॉक्स ईस्टरला थिएटर चालू असायचं का, १९४०-४१ मध्ये ग्रीक वॉर रिलीफसाठी शो झाला होता का (त्या संघटनेचा अध्यक्ष स्पायरॉस स्कूरासच होता आणि थिएटरवाले त्यात पुढे होते).

आणि अवघड प्रश्नही विचारा. १९२० च्या दशकात कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेने ग्रीक दुकानांवर बहिष्कार घातले, धमक्या दिल्या, १९०९ मध्ये साउथ ओमाहात जमावाने आख्खी ग्रीक वस्ती जाळून लोकांना हाकलून लावलं होतं. याच वातावरणात १९२२ मध्ये अटलांटात अहेपा ही ग्रीक अमेरिकनांची संघटना निघाली, कामकाज इंग्रजीत, नागरिकत्वावर भर. तुमचा माणूस तिच्या कुठल्या चॅप्टरमध्ये म्हणजे शाखेत होता ते बघा, त्यांच्या जुन्या अधिवेशनांच्या स्मरणिकांमध्ये थिएटरांच्या जाहिराती मिळतात. थिएटर दक्षिणेत असेल तर दुसरी बाजूही तितकीच नीट तपासा, कृष्णवर्णीय प्रेक्षकांना बाजूच्या जिन्याने बाल्कनीत पाठवायचे का, तो दरवाजा आज भिंतीत बुजवलेला दिसतो का, आणि हे त्या लोकांनाच विचारा, मालकाच्या नातवाला नाही. स्वतः हाकलला गेलेला माणूस दुसऱ्याला बाजूच्या दाराने पाठवतोय हे लिहायला जड जातं, तरी लिहा.

बिल्डिंगमध्ये जायला मिळालं तर प्रोजेक्शन बूथ आधी. भिंतीवर ऑपरेटर लोकांनी पेन्सिलीने नावं, तारखा, हवामान, चित्रपटांचे शेरे लिहिलेले असायची बरीच शक्यता, रंग मारायच्या आत फोटो काढून घ्या. एक मात्र गंभीरपणे सांगतो, कुठे जुनी रिळं सापडली आणि ती १९५१-५२ च्या आधीची असतील तर ती नायट्रेट फिल्म असू शकते, भयंकर पेट घेते आणि पाण्याने विझत नाही. चिकट झालेली, भुकटी पडलेली, उग्र वास येणारी असेल तर अजिबात हलवू नका, प्रोजेक्टरवर चढवून बघायचा मोह तर नकोच, अग्निशमन दल आणि फिल्म अर्काइव्ह यांना फोन करा.

शेवटचा काळ लोक घाईत उरकतात, "टीव्ही आला आणि बंद पडलं". त्याआधी बरंच काही घडलेलं असतं. १९४६ हे तिकीटविक्रीचं शिखर, १९४८ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या पॅरामाउंट निकालाने चित्रपटांचे गठ्ठे गळ्यात मारायची पद्धत बंद झाली, पण स्टुडिओंनी चित्रपटच कमी काढले आणि भाडं वाढवलं, म्हणजे छोट्या मालकाला जिंकूनही फारसं हाती आलं नाही. मग ड्राइव्ह-इन (गाडीत बसून बघायची उघड्यावरची थिएटरं), मग हायवे गावाबाहेरून गेला, मुलं कॉलेजला गेली ती वकील-डॉक्टर होऊन परत आली नाहीत. जी थिएटरं तरीही टिकली त्यांना २०१३-१४ च्या सुमारास ३५ एमएमच्या प्रिंट बंद होऊन डिजिटल प्रोजेक्टर घ्यावा लागला, एका पडद्यामागे साठसत्तर हजार डॉलर. तुमचं थिएटर कधी बंद पडलं हे शेवटच्या जाहिरातीवरून ठरवा, लोकांच्या आठवणीवरून नको, आठवणीत ते नेहमी पाच-दहा वर्षं जास्त चाललेलं असतं.

लिहायला बसाल तेव्हा तीन रकान्यांचा तक्ता समोर ठेवा आणि कुठली गोष्ट कागदावरून आली, कुठली तोंडी, हे वाक्यातच सांगत जा. दोन पुरावे भांडत असतील तर दोन्ही छापा. काउंटीतला पहिला ग्रीक, राज्यातलं सगळ्यात जुनं थिएटर, असले दावे शक्यतो करूच नका, कोणीतरी आणखी जुनं घेऊन येतंच. काम झालं की एक प्रत गावच्या लायब्ररीला, एक काउंटीच्या हिस्टॉरिकल सोसायटीला, एक त्या शहरातल्या चर्चला द्या आणि सिनेमा ट्रेझर्स या थिएटरांची माहिती देणाऱ्या साइटवरच्या चुकीच्या तारखा दुरुस्त करायला पाठवा. घरच्यांनी दिलेल्या फोटोंच्या मागे नावं लिहायची ती मऊ पेन्सिलीने, बॉलपेनने नाही, आणि फोटोत तिकीटखिडकीत बसलेल्या बाईचं नाव कोणाला आठवत असेल तर ते आजच विचारून घ्या.